काजूचं बिनदुधाचं चीज डिप: रवाळ, पिठूळ किंवा फुटलेलं होऊ नये म्हणून

हे डिप करायला, काजू भिजलेले असतील तर, अर्धा तास पुरतो. तरीही पहिल्या खेपेला ते बहुतेकांचं फसतं. कुणाचं रवाळ होतं, कुणाचं कच्च्या पिठासारखं लागतं, कुणाचं चुलीवर छान दिसतं आणि फ्रिजमध्ये दगड होतं. साहित्य सहसा बरोबरच असतं. चुकतो तो क्रम: पाणी कधी घालायचं, आच कधी द्यायची, लिंबू कधी पिळायचं. माझ्या भाचीला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे, त्यामुळे आमच्याकडे हे डिप महिन्यातून दोन-तीनदा होतं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका माझ्या हातून झालेल्या आहेत, म्हणून त्या कुठे होतात ते नेमकं सांगता येतं.

सुरुवातीलाच एक इशारा. हे डिप दुधाशिवायचं आहे, काजूशिवायचं नाही. पाहुण्यांना वाढण्याआधी काजूची ॲलर्जी कुणाला आहे का ते विचारा. पिस्त्याची ॲलर्जी असलेल्यांनीही हे खाऊ नये, कारण काजू आणि पिस्ता एकाच कुळातले आहेत आणि एकाचा त्रास होणाऱ्याला दुसऱ्याचाही बहुधा होतो.

## साहित्य

साधारण ४०० ग्रॅम डिप होईल, पाच-सहा जणांना पुरेल.

- काजू तुकडा: १५० ग्रॅम
- पाणी: वाटायला ८० मिली, नंतर १५० मिली
- न्यूट्रिशनल यीस्ट: ३ टेबलस्पून
- टॅपिओका स्टार्च: १ टेबलस्पून
- वास नसलेलं तेल: १ टेबलस्पून
- लसूण: १ लहान पाकळी
- मोहरीची बारीक पूड: पाव टीस्पून
- हळद: दोन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढीच
- मीठ: पाऊण टीस्पून
- लिंबाचा रस: १ टेबलस्पून
- पांढरं व्हिनेगर: १ टीस्पून

टेबलस्पून म्हणजे १५ मिली आणि टीस्पून म्हणजे ५ मिली, मापाचे चमचे. घरातला जेवायचा चमचा दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो आणि स्टार्च मोजताना तोच घात करतो. काजू शक्यतो वजन करून घ्या, कारण प्रत्येक घरातली वाटी वेगळी.

## टप्पा १: दुकानातली तपासणी

काजू. अख्खे काजू घेऊ नका. डब्ल्यू ३२० वगैरे आकड्यांवरून फक्त दाण्याचा आकार कळतो (३२० म्हणजे एका पौंडात साधारण तितके दाणे). आपल्याला ते वाटायचेच आहेत, त्यामुळे पाकळी किंवा तुकडा घ्या. चव तीच, पैसे बरेच कमी. मात्र पांढरा तुकडा घ्या. भाजका, पिवळसर तुकडा स्वस्त असतो, पण डिपला शेंगदाण्याच्या कुटासारखी छटा आणि भाजकी चव येते. खारवलेले किंवा मसाला लावलेले काजू तर अजिबात नकोत.

एक तुकडा चावून बघा. काजूत शंभर ग्रॅमला चाळीस ग्रॅमहून जास्त चरबी असते, त्यामुळे जुना माल लवकर खवट होतो. खवट वास लसणाने, लिंबाने, कशानेही झाकला जात नाही. कोकणात मार्च ते मे ओले काजूगर मिळतात. ते घालू का, असं मला पुष्कळदा विचारलं जातं. घालू नका. ते गोडसर असतात, त्यांच्यात पाणी जास्त असतं आणि सगळं प्रमाण बदलतं. त्यांची उसळच करावी.

न्यूट्रिशनल यीस्ट. इथे सगळ्यात मोठी गफलत होते. पाव फुगवायला वापरतात ते यीस्ट जिवंत असतं. ते डिपमध्ये घातलं तर कडवट आणि आंबूस होईल. न्यूट्रिशनल यीस्ट त्याच जातीचं, पण उष्णतेने निष्क्रिय केलेलं असतं. पिवळ्या, हलक्या पापुद्र्यांच्या किंवा पुडीच्या रूपात येतं आणि त्यातल्या ग्लुटामेटमुळे जुन्या चीजसारखा खमंगपणा येतो. पूड घेतलीत तर ३ ऐवजी २ टेबलस्पून पुरेल, ती पापुद्र्यांपेक्षा दाट बसते.

ते मिळालंच नाही तर? अर्धा टीस्पून कांद्याची पूड आणि १ टीस्पून सुक्या मशरूमची पूड घाला. डिप चविष्ट होईल, पण चीजची आठवण बेताचीच येईल.

स्टार्च. टॅपिओका स्टार्चला थोडी तार येते, म्हणून तोच हवा. कॉर्नफ्लॉवर चालेल, पण डिप खिरीसारखं सुटं होतं, तार येत नाही. तांदळाचं पीठ नको, रवाळपणा येतो. घरात साबुदाणा असेल तर तो कोरडाच मिक्सरला फिरवून बारीक चाळणीने दोनदा चाळा. साबुदाणाही टॅपिओकाचाच असतो, काम भागतं.

तेल. सूर्यफूल किंवा राइस ब्रान. घाण्याचं शेंगदाणा तेल स्वतःची चव सोडतं. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे फ्रिजमधलं डिप कापायची वेळ येते.

दूध लपलंय का ते बघा. ॲलर्जीसाठी करत असाल तर ही पायरी टाळू नका.

- "नॉन-डेअरी" लिहिलेल्या क्रीमरमध्ये सोडियम केसिनेट असू शकतं. ते दुधातलंच प्रथिन आहे.
- "लॅक्टोज-फ्री" म्हणजे फक्त दुधातली साखर काढलेली किंवा फोडलेली. दुधाची प्रथिनं तशीच असतात.
- चीज किंवा पेरी-पेरी चवीच्या तयार मसाल्यांत दुधाची पावडर, व्हे किंवा चीज पावडर असू शकते.
- पाकिटावर ॲलर्जीच्या घटकांची वेगळी ओळ असते. घटकांची यादी नीट वाचाच, पण ही ओळ आधी वाचा.

## टप्पा २: काजू भिजवणं

मिक्सर कितीही दणकट असला तरी आतून कोरडा राहिलेला काजू कणीच सोडतो.

रात्री करायला सुचलं तर काजू धुऊन, दुप्पट पाण्यात, फ्रिजमध्ये ८ तास ठेवा. ओट्यावर नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेले काजू सकाळपर्यंत बुळबुळीत होतात आणि त्यांना आंबूस वास येतो. घाई असेल तर उकळतं पाणी ओतून, झाकून ३० ते ४० मिनिटं ठेवा. आणि मिक्सर जुना असेल तर, मला तरी हाच मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो, काजू पाण्यात १२ ते १५ मिनिटं उकळा. लसणाची पाकळीही त्यातच टाका. तिचा उग्रपणा जातो आणि दुसऱ्या दिवशी डिपला कच्च्या लसणाचा दर्प येत नाही.

भिजवलेलं किंवा उकळलेलं पाणी टाकून द्या, काजू पुन्हा धुवा आणि चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. निथळले नाहीत तर पुढे मोजलेल्या पाण्याला अर्थ राहत नाही.

तपासा: मोठ्यात मोठा तुकडा नखाने मधोमध तोडा. आत पांढरा, टणक गाभा दिसला तर अजून वेळ द्या. गरम काजू पूर्ण गार होईपर्यंत पुढे जाऊ नका. गरम ऐवज झाकणबंद भांड्यात फिरवला की वाफ साठते, झाकण उडतं आणि हात भाजतो.

## टप्पा ३: वाटण

डिप इथेच जमतं किंवा बिघडतं, म्हणून याच टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

ओल्या खोबऱ्याचं वाटण करताना आपण सगळं पाणी एकदम ओतत नाही. आधी जेमतेम पाण्यात घट्ट वाटतो, मग सैल करतो. काजूचंही तसंच. सगळं पाणी सुरुवातीलाच घातलं की कण पाण्यात पळत राहतात, पात्याखाली येतच नाहीत, आणि मग दहा मिनिटं फिरवलं तरी तळाला रवा राहतो. रवाळ डिपचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

१. भांडं योग्य निवडा. १५० ग्रॅम काजू मोठ्या भांड्यात टाकले तर पात्याच्या वर नुसते कडेला चिकटतात. मधलं भांडं घ्या, तेही निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. चटणीच्या भांड्यात करायचं तर दोन घाण्यांत करा.

२. काजू, लसूण आणि ८० मिली पाणी. त्याहून जास्त नाही. पाणी गार घ्या.

३. आधी पाच-सहा झटके द्या. झाकण उघडून कडा खरवडा. मग सलग ३० ते ४० सेकंद फिरवा.

४. एक मिनिट थांबा. ही विश्रांती मोटरइतकीच वाटणासाठीही आहे. भांडं तापलं की काजूतून तेल सुटायला लागतं आणि वाटण तेलकट, जडसर होतं.

५. खरवडणं, फिरवणं, थांबणं, असं चार ते पाच वेळा. पाती अडत असतील तर एकावेळी १ टेबलस्पून पाणी वाढवा आणि तेवढं पुढच्या पाण्यातून वजा करा.

तपासा: थेंबभर वाटण अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळा. गंधासारखं लागलं पाहिजे. मग स्टीलच्या चमच्याच्या पाठीवर पातळ पसरून उजेडात धरा, बोटाला न जाणवलेले कण तिथे दिसतात. कण असतील तर पुन्हा फिरवा. शिजवल्यावर मऊ होतील या आशेवर पुढे जाऊ नका. होत नाहीत.

आता तेल, न्यूट्रिशनल यीस्ट, मोहरीची पूड, हळद, अर्धं मीठ आणि राहिलेल्या १५० पैकी १०० मिली पाणी घालून एकदाच ३० सेकंद फिरवा. उरलेलं ५० मिली बाजूला ठेवा, ते स्टार्चसाठी आहे. ऐवज या वेळी ताकापेक्षा दाट आणि इडलीच्या पिठापेक्षा पातळ असतो. पातळ वाटला तरी काजू वाढवू नका.

मिक्सर खरंच म्हातारा झाला असेल तर वाटण बारीक गाळणीतून चमच्याने दाबून गाळा. चोथा दुसऱ्या दिवशीच्या भाजीच्या रश्शाला लावता येतो.

कोरड्या काजूची पूड करून ती भिजवू नका. वेळ वाचतो असं वाटतं. पण कोरडे काजू फिरवताना तेल सुटतं, त्याच्या गोळ्या होतात, आणि त्या गोळ्या नंतर पाण्यात नीट मोडत नाहीत.

## टप्पा ४: शिजवणं

गॅस लावण्याआधी सगळं हाताशी ठेवा. लिंबू पिळून, बिया काढून. व्हिनेगर मोजून. कपभर गरम पाणी शेजारी. एकदा घट्ट व्हायला लागलं की चमचा शोधायला वेळ मिळत नाही.

१. राखून ठेवलेल्या ५० मिली गार पाण्यात स्टार्च कालवा. गरम पाण्यात टाकला तर वरून शिजून आत कोरडा राहतो आणि त्या गुठळ्या सुटत नाहीत.

२. जाड बुडाच्या किंवा नॉनस्टिक पॅनमध्ये वाटण ओता. कालवलेला स्टार्च तळाशी बसतो, म्हणून पुन्हा ढवळून मगच त्यात घाला. गॅस पेटवण्याआधीच दोन्ही एकजीव करा.

३. आच मंद ते मध्यम. सपाट टोकाचा लाकडी उलथणा घ्या आणि तळ खरवडत राहा. गोल डावाने कडा सुटतात आणि तिथेच लागतं.

४. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच घडत नाही. मग अचानक तळाला गुठळ्या दिसायला लागतात आणि सगळं फाटल्यासारखं वाटतं. इथे घाबरून गॅस बंद करू नका. साधारण ६५-७० अंशांपुढे स्टार्च फुगायला लागतो. तळाचा आधी फुगतो, वरचा मागाहून. आच थोडी कमी करून जोरात ढवळत राहिलात तर मिनिटभरात सगळं एकसारखं होतं. पिठलं घट्ट होताना होतं, तसंच.

५. पिठल्यासारखेच फदफद बुडबुडे यायला लागले की त्यानंतर आणखी २ मिनिटं. बुडबुडे उडतात, चेहरा लांब ठेवा. अंगावर चमक आली, पांढरट निर्जीवपणा गेला, की झालं.

तपासा: उलथण्याने तळावर रेघ ओढा. दोन-तीन सेकंदांत भरून आली तर बरोबर. भरलीच नाही तर घट्ट झालंय, गरम पाणी चमच्याचमच्याने घाला. मग थोडं चाखा. जिभेवर खडूसारखं पिठूळ लागलं तर आणखी मिनिटभर शिजवा.

गॅसवरून उतरवताना ते तुम्हाला हवं त्यापेक्षा पातळ असायला हवं. काजूतही स्वतःचा स्टार्च आहे, आणि दोन्ही स्टार्च गार होताना आणखी घट्ट होतात. चुलीवरच डिपसारखं दिसलं, तर ताटलीत येईपर्यंत त्याची वडी होते.

## टप्पा ५: आंबट आणि मीठ, गॅस बंद केल्यावरच

लिंबू शिजताना घातलं की तीन गोष्टी बिघडतात. आम्लात उकळणारा स्टार्च मोडतो आणि घट्ट झालेलं डिप परत पातळ होतं. काजूची प्रथिनं आकसून बारीक दाणे पडतात, फुटल्यासारखं दिसतं. आणि लिंबाचा वास उडून नुसता कडवटपणा मागे राहतो.

पॅन उतरवा, तीन-चार मिनिटं थांबा, मग व्हिनेगर आणि निम्मा लिंबूरस घालून फेटा. चाखा. मग उरलेला रस. लिंबं सारखी आंबट नसतात, हिवाळ्यातलं रसदार लिंबू आणि मे महिन्यातलं सुकलेलं लिंबू यांत पुष्कळ फरक पडतो. दोन्ही आंबट का? नुसत्या लिंबाने ते चटणीकडे झुकतं. व्हिनेगरमुळे मुरलेल्या पदार्थाचा भास होतो, आणि चीजशी जवळीक तिथून येते.

मीठ शेवटी, डिप कोमट झाल्यावर पूर्ण करा. चीजमध्ये मीठ चांगलंच असतं, त्यामुळे अळणी डिप कधीच चीजसारखं लागत नाही. मात्र नाचोज किंवा वेफर्सबरोबर वाढणार असाल तर हात आखडा.

इशारा: आंबूसपणासाठी वाटणात चमचाभर दही विरजण म्हणून घालण्याचा सल्ला काही जण देतात. मग डिप बिनदुधाचं राहत नाही. थेंबभर दुधानेही त्रास होणाऱ्याला हे जिवावर बेतू शकतं.

## टप्पा ६: निववणं आणि साठवणं

डिप उघडं ठेवलं की वर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो आणि तो ढवळला की गुठळ्या होतात. म्हणून निवताना दर दोन-तीन मिनिटांनी ढवळा. कोमट झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरा आणि डिपच्या थेट अंगाला टेकेल असा बटर पेपरचा तुकडा ठेवून झाकण लावा.

फ्रिजमध्ये ४ दिवस. ओला चमचा घालू नका. वाढल्यावर बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि भर उन्हाळ्यात एकच तास. आंबट आहे म्हणजे टिकेल हा समज चुकीचा आहे, एवढ्या लिंबाने हा पदार्थ टिकत नाही. राहिलेल्या वाटीतलं परत बरणीत ओतू नका. बुळबुळीतपणा, बुडबुडे किंवा वेगळा वास आला तर सगळं टाकून द्या.

फ्रीझरमध्ये महिनाभर राहतं, पण वितळल्यावर पाणी सुटतं. मिक्सरमधून एकदा फिरवून मंद आचेवर गरम केलं की पुन्हा मिळून येतं.

## बिघडलंच तर

रवाळ झालं: शिजवल्यानंतर फार काही करता येत नाही. पूर्ण गार करून, २ टेबलस्पून पाणी घालून पुन्हा वाटा. थोडं सुधारतं. नाहीतर पास्त्याला लावा, तिथे रवाळपणा फारसा जाणवत नाही.

रबरासारखं ताणलं जातंय: स्टार्च जास्त पडला. गरम पाणी आणि १ टीस्पून तेल घालून मंद आचेवर फेटा. पुढच्या वेळी सपाट चमचा मोजा, शिगोशीग नको.

घट्टच होत नाही: एकतर उकळीपर्यंत गेलं नाही, किंवा लिंबू आधी पडलं. पहिल्या कारणाला शिजवणं हा उपाय आहे. दुसऱ्याला आणखी १ टीस्पून स्टार्च गार पाण्यात कालवून घाला आणि एकच उकळी आणा.

हळदीची चव लागते: यावर उपाय नाही. रंग हवा असेल तर पुढच्या वेळी हळद निम्मी करा आणि दोन इंच उकडलेलं गाजर काजूबरोबर वाटा. रंग चेडरसारखा येतो.

सपक लागतं: आधी मीठ, मग आंबट, मग यीस्ट. याच क्रमाने आणि प्रत्येक वेळी चाखून. यीस्ट आधी वाढवलं की डिप कडवटपणाकडे जातं.

## काजू महाग पडतात किंवा चालत नाहीत तर

काजू ७५ ग्रॅम करा आणि १५० ग्रॅम उकडलेला, पूर्ण गार झालेला बटाटा घ्या. एरवी मिक्सरमध्ये बटाटा चिकट होतो म्हणून आपण तो हाताने कुस्करतो. इथे तोच चिकटपणा उपयोगी पडतो, म्हणून टॅपिओका निम्मा करा. आधी काजू गंधासारखे वाटा, बटाटा शेवटच्या ३० सेकंदांत घाला. बटाटा आधीपासून फिरवला तर डिपची खळ होते.

काजू चालतच नसतील तर मगज बी घ्या. ती भिजवून छान बारीक वाटली जाते, पण तिच्यात काजूसारखा स्टार्च नसतो, म्हणून टॅपिओका २ टेबलस्पून करा. ॲलर्जीवाल्यासाठी आणत असाल तर सुट्या मालाच्या दुकानातून नको, तिथे काजूचा आणि मगजचा चमचा एकच असू शकतो.

## वाढताना

फ्रिजमधलं डिप थेट गॅसवर ठेवलं तर तळाला लागतं. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून, चमचा-चमचा गरम पाणी घालत फेटा. गार असताना मीठ कमी जाणवतं, म्हणून गरम झाल्यावर चाखूनच मीठ वाढवा.

सोबत काय देताय तेही बघा. भाजलेल्या बटाट्याच्या फोडी, गाजर-काकडी, ज्वारीच्या भाकरीचे तव्यावर कडक केलेले तुकडे, यांत धोका नाही. विकतचे नाचोज साधे खारे घ्या, चीज चवीचे नकोत. पाव आणि ब्रेडमध्ये दुधाची पावडर किंवा बटर असू शकतं, आणि बेकरीतल्या सुट्या पावावर लेबलच नसतं. तिथे समोरच्या माणसाला विचारा, आणि त्याला खात्री नसेल तर पाव घेऊ नका.